नेट चालू आहे, मग मेल का जात नाही? सेवा, प्रोटोकॉल आणि पोर्ट

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे लेखापरीक्षणाच्या मुदतीची धावपळ. अशाच एका आठवड्यात सांगलीतल्या एका कर सल्लागारांच्या कार्यालयातून मला फोन आला. त्यांच्या मोठ्या कॉपियरवर कागद स्कॅन करून थेट ईमेलने पाठवण्याची सोय होती आणि इंटरनेटची जोडणी दुसऱ्या कंपनीकडून घेतल्यापासून नेमकी तीच बंद पडली होती. "अहो, नेट तर व्यवस्थित चालू आहे, व्हिडिओसुद्धा अडत नाहीत, मग एवढा एक मेल का जात नाही?" असा त्यांचा वैतागलेला प्रश्न होता.

प्रश्न रास्त होता. ब्राउझरमध्ये एखादे पान उघडले की आपण "नेट चालू आहे" असे म्हणतो, पण त्यावरून प्रत्यक्षात एवढेच सिद्ध होते की एक विशिष्ट सेवा एका विशिष्ट क्रमांकावर पोहोचते आहे. मेल पाठवणे, मेल वाचणे, फाइल उतरवणे, घड्याळ जुळवणे, शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरवर छापणे, या प्रत्येक कामाची बोली वेगळी असते आणि त्यासाठी ठोठावायचे दारही वेगळे असते. त्या बोलीला प्रोटोकॉल म्हणतात आणि दाराच्या क्रमांकाला पोर्ट. एक दार सताड उघडे असताना शेजारचे बंद असण्यात काहीच विसंगती नाही.

आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक, आपल्याला यंत्रापर्यंत नेऊन सोडतो, पण त्या यंत्रावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात आणि आलेले माहितीचे पाकीट त्यांपैकी कोणाच्या हाती द्यायचे हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक १६ बिटांचा असल्यामुळे तो ० ते ६५५३५ यांच्या दरम्यान असतो. एसटी स्थानकावरच्या फलाटांसारखीच ही व्यवस्था आहे. अमुक फलाटावर कोल्हापूरच्या गाड्या लागतात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे प्रवासी विचारपूस न करता थेट तिथे जाऊन उभे राहतात. परंतु त्या फलाटावर पंढरपूरची गाडी आणून लावण्यापासून चालकाला कोणतीही भिंत अडवत नाही आणि गाडी कुठली हे शेवटी तिच्या पाटीवरूनच कळते. पोर्टचेही तसेच आहे. ४४३ म्हणजे सुरक्षित वेबसाइट हा केवळ संकेत आहे. त्या क्रमांकावर प्रत्यक्षात कोणता प्रोग्राम कान देऊन बसला आहे, हे ते यंत्र सांभाळणारा माणूस ठरवतो. या लेखातल्या बहुतेक गोष्टी या एका मुद्द्याला येऊन मिळतात.

या संकेतांची वही आज आयाना ही संस्था सांभाळते. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या जाळ्याच्या काळापासून ते काम जॉन पोस्टेल यांच्याकडे होते. १९७२ मध्येच त्यांनी प्रमाणित क्रमांकांची यादी असावी असे सुचवले होते आणि १९९८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत या नोंदींशी त्यांचेच नाव जोडलेले राहिले. या वहीनुसार १०२३ पर्यंतचे क्रमांक सर्वपरिचित सेवांसाठी आहेत, १०२४ ते ४९१५१ हे नोंदणी करून मिळणारे आहेत आणि त्यावरचे तात्पुरत्या वापरासाठी मोकळे सोडलेले आहेत. युनिक्स या कार्यप्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टीममध्ये) १०२४ च्या खालचा पोर्ट उघडायला प्रशासकाचा अधिकार लागतो. तिथून उत्तर देणारा प्रोग्राम विश्वासार्हच असणार, हा त्यामागचा जुना समज होता. प्रत्येक यंत्र विद्यापीठाच्या कुलूपबंद खोलीत असायचे तेव्हा तो खपून गेला.

पाकिटे पोहोचवण्याच्या टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धती आहेत आणि पोर्ट क्रमांकासोबत त्यांपैकी कोणती हेही सांगावे लागते, कारण टीसीपीचा ५३ आणि यूडीपीचा ५३ हे दोन वेगळे फलाट आहेत. टीसीपीमध्ये बोलण्याआधी तीन पाकिटांची देवाणघेवाण होऊन जोडणी पक्की होते, आणि नंतर वाटेत हरवलेला मजकूर पुन्हा पाठवला जातो, उलटसुलट पोहोचलेला क्रमाने लावला जातो. यूडीपीमध्ये यातले काहीच नसते. पाकीट पाठवले की पाठवणाऱ्याचे काम संपते. एका प्रश्नाला एक छोटे उत्तर, एवढाच मामला असेल तिथे यूडीपी सोयीचे पडते.

आता त्याच कार्यालयातला एखादा लॅपटॉप सकाळी सुरू होताना पाहू. त्याला स्वतःचा पत्ताच नसतो, त्यामुळे कोणाला काही विचारायचे तर कोणाच्या नावाने, असा पेच असतो. म्हणून तो ०.०.०.० या कोऱ्या पत्त्यावरून, २५५.२५५.२५५.२५५ या 'सर्वांसाठी' असलेल्या पत्त्यावर, यूडीपी ६७ या पोर्टला उद्देशून आरोळी देतो: इथे पत्ते वाटणारे कोणी आहे का? राउटरमधली डीएचसीपी सेवा ती ऐकते आणि एक पत्ता देऊ करते, लॅपटॉप तो मागून घेतो आणि राउटर होकार देतो. एरवी विचारणाऱ्याने स्वतःसाठी कोणताही मोकळा पोर्ट घेतला तरी चालते, पण इथे त्याच्यासाठीही ६८ हा क्रमांक ठरलेला आहे. उत्तर कधीकधी पुन्हा सर्वांना ऐकू जाईल असेच द्यावे लागते आणि तेव्हा ते नेमके कुठे यायचे हे आधीच माहीत असावे लागते. हे सगळे फसले तर विंडोज लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. तो आकडा दिसला की वेबसाइटला दोष न देता राउटरकडे आणि केबलकडे पाहावे.

पत्ता मिळाला की नावांचा प्रश्न येतो. माणसाला साइटचे नाव आठवते आणि यंत्राला आयपी पत्ता लागतो. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचलेली डीएनएस ही व्यवस्था नावावरून पत्ता शोधून देते. तिचा पोर्ट ५३, बहुतेक वेळा यूडीपी. मूळ नियमात यूडीपीवरचे उत्तर ५१२ बाइटांत बसले पाहिजे असे होते आणि न बसल्यास तोच प्रश्न टीसीपीवरून पुन्हा विचारायचा. त्यामुळे "डीएनएसला यूडीपी पुरते" असे मानून फायरवॉलमध्ये, म्हणजे ये-जा करणारी पाकिटे अडवणाऱ्या राखणदारात, टीसीपी ५३ बंद करणाऱ्यांच्या वाट्याला एक विचित्र बिघाड येतो: बहुतेक साइट उघडतात, मोजक्या काही मात्र उघडत नाहीत, आणि त्यात कसलाच नियम सापडत नाही.

डीएनएसच्या बाबतीतच २००८ मध्ये असे काही घडले की पोर्ट क्रमांकाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. डीएनएसच्या प्रत्येक प्रश्नावर १६ बिटांचा एक ओळख क्रमांक असतो आणि उत्तरावर तोच क्रमांक असेल तर उत्तर खरे मानले जाते. सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले की हल्लेखोर हा क्रमांक अंदाजाने जुळवत खोट्या उत्तरांचा मारा करू शकतो, आणि तेही एकाच डोमेनमधली वेगवेगळी नावे विचारायला लावून पुनःपुन्हा. क्रमांकाच्या शक्यता अवघ्या ६५,५३६ असल्याने त्यातली एखादी लागू पडायला फार वेळ लागत नाही. त्यावर तातडीने केलेला उपाय असा होता की प्रश्न विचारणाऱ्याने दर वेळी स्वतःचा पोर्टही यदृच्छेने निवडायचा. मग हल्लेखोराला दोन आकडे एकदम जुळवावे लागतात आणि शक्यता कोट्यवधींच्या, अगदी अब्जांच्या घरात जातात. तोवर विचारणाऱ्याच्या बाजूच्या पोर्टला कोणी फारसे विचारात घेत नव्हते. तो केवळ उत्तर परत येण्यापुरता आकडा होता, आणि अचानक त्याच्यावर राखणीचे काम येऊन पडले.

यानंतर लॅपटॉप घड्याळ जुळवतो. डेव्हिड मिल्स यांनी घडवलेला एनटीपी हा प्रोटोकॉल त्यासाठी यूडीपी १२३ वापरतो. हे काम क्षुल्लक वाटते, पण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेला जुना संगणक सुरू करून पाहावा: घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते आणि एकही सुरक्षित साइट उघडत नाही. साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राच्या वैधतेची तारीख 'अजून उजाडलेली नाही' असा ब्राउझरचा समज होतो. त्याचा इशारा मात्र अशा भाषेत असतो की कोणीतरी आपला संगणक फोडला आहे असे वाटावे.

आता ब्राउझर. साध्या एचटीटीपीचा पोर्ट टीसीपी ८० आणि सांकेतिक कुलूप लावलेल्या एचटीटीपीएसचा ४४३. मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: बँकेच्या एकाच सर्व्हरच्या ४४३ या एकाच पोर्टवर हजारो ग्राहक एका वेळी बोलतात, तर त्यांचे बोलणे एकमेकांत मिसळत कसे नाही? टीसीपीची जोडणी चार आकड्यांनी ओळखली जाते: विचारणाऱ्याचा पत्ता, त्याचा पोर्ट, सर्व्हरचा पत्ता आणि सर्व्हरचा पोर्ट. शेवटचे दोन सगळ्यांना समान असले तरी पहिल्या दोनांपैकी निदान एक वेगळा असतो. एकाच लॅपटॉपवरून त्याच साइटकडे दोन जोडण्या केल्या तर एक ५१२०४ वरून जाते आणि दुसरी ५१२०५ वरून, आणि तेवढ्या फरकाने दोन्ही वेगळ्या राहतात. हे तात्पुरते क्रमांक कार्यप्रणाली आपणहून देते. त्यामुळे "४४३ पोर्ट भरला का?" या प्रश्नाला अर्थ उरत नाही, सर्व्हरची स्मृती भरते, त्याचा वेग कमी पडतो, पण ४४३ हा आकडा कोणी अडवून बसत नाही.

४४३ विषयी एक भर घालायला हवी. २०२२ मध्ये प्रमाणित झालेले एचटीटीपी ३ हे क्विक या प्रोटोकॉलवर चालते आणि क्विक यूडीपीवर, तेही ४४३ याच क्रमांकावर. म्हणजे वेबसाइटसाठी आता दोन फलाट झाले. फायरवॉलने यूडीपी ४४३ अडवला तर ब्राउझर गुपचूप टीसीपीवर उतरतो आणि पान उघडते, त्यामुळे बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही.

आता सांगलीच्या कॉपियरकडे वळू. एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे मेल पोहोचवणारा एसएमटीपी हा प्रोटोकॉल १९८२ मधला असून त्याचा पोर्ट २५ आहे. त्याची बोली इतकी साधी आहे की माणूस स्वतः ती टंकून मेल पाठवू शकतो. जोडणी झाली की सर्व्हर '२२०' या आकड्याने सुरू होणारी स्वागताची ओळ पाठवतो; मग आपण 'ईएचएलओ' म्हणून ओळख द्यायची, 'मेल फ्रॉम' लिहून पाठवणाऱ्याचा पत्ता, 'आरसीपीटी टू' लिहून घेणाऱ्याचा पत्ता, नंतर 'डेटा', त्याखाली मजकूर आणि अखेरीस एका ओळीवर फक्त एक टिंब. सर्व्हर '२५०' म्हणाला की मेल त्याच्या ताब्यात गेले. 'मेल फ्रॉम' पुढे कोणताही पत्ता लिहिला तरी मूळ प्रोटोकॉल हरकत घेत नाही. एसएमटीपीच्या या भोळेपणावरच फसव्या मेलचा धंदा उभा राहिला.

व्हायरस शिरलेले घरगुती संगणक पोर्ट २५ वरून नकोशा मेलचा पाऊस पाडू लागले, तेव्हा अनेक इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांकडून बाहेर जाणारा २५ सरसकट बंद केला. खऱ्या वापरकर्त्याने आपल्या मेल सर्व्हरकडे मेल सोपवण्यासाठी १९९८ पासून ५८७ हा वेगळा पोर्ट आहे, आणि तिथे आधी नाव व पासवर्ड द्यावा लागतो. ४६५ या क्रमांकाचे नशीब मात्र फिरत राहिले: तो सुरुवातीपासून कुलूपबंद असलेल्या एसएमटीपीसाठी आधी दिला गेला, मग काढून दुसऱ्याच कामासाठी लावला गेला, तरी लोक वापरतच राहिले, आणि २०१८ मध्ये मेल सोपवण्यासाठी त्याला पुन्हा अधिकृत मान्यता मिळाली. त्या कार्यालयात मी लॅपटॉपवरून मेल सर्व्हरच्या २५ वर जोडणी करून पाहिली, तर कर्सर कितीतरी वेळ नुसता लुकलुकत राहिला. ५८७ ला मात्र '२२०' ही ओळ तत्काळ आली. कॉपियरच्या सेटिंगमध्ये जुनाच २५ बसलेला होता. पूर्वीच्या कंपनीने तो अडवला नव्हता, नव्या कंपनीने अडवला होता, आणि हे ग्राहकाला सांगण्याची गरज कोणालाही वाटली नव्हती. आकडा बदलला, नाव आणि पासवर्ड भरला, आणि पुढच्याच मिनिटाला स्कॅन केलेले पान मेलपेटीत आले.

मेल वाचण्याचे क्रमांक वेगळे आहेत. पीओपी ३ साठी ११०, आणि कुलूप लावून ९९५. आयमॅपसाठी १४३, आणि कुलूप लावून ९९३. पीओपी साधारणपणे मेल उतरवून घेऊन सर्व्हरवरून काढून टाकतो, आयमॅप मेल सर्व्हरवरच ठेवतो. त्यामुळे फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर तीच पेटी हवी असेल तर आयमॅपला पर्याय नाही. मेल येते पण जात नाही, ही नेहमीची तक्रार याच विभागणीतून येते.

कार्यालयातली आणखी दोन दारे सांगायला हवीत. नेटवर्कवरचा प्रिंटर बहुधा टीसीपी ९१०० वर कच्चा मजकूर घेतो किंवा ६३१ वर आयपीपी हा छपाईचा प्रोटोकॉल बोलतो. विंडोजमध्ये सामायिक केलेले फोल्डर एसएमबी या प्रोटोकॉलने ४४५ वरून उघडतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या या दोन्ही विध्वंसक प्रोग्रामांनी ४४५ वर कान देऊन बसलेल्या जुन्या एसएमबीतल्या एकाच दोषाचा फायदा घेतला. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. नॉटपेट्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि त्याची झळ उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलपर्यंत पोहोचून तिथली कंटेनरांची वाहतूक खोळंबली. कार्यालयाच्या आत ४४५ लागतोच, पण इंटरनेटकडून आत येणारा ४४५ उघडा ठेवण्याचे एकही सबळ कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

दूरच्या यंत्रावर बसून काम करण्यासाठी पूर्वी टेलनेट होते, पोर्ट २३. त्यात पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत जातो. फाइलींसाठी एफटीपी होते, पोर्ट २१, आणि तेही तितकेच उघडे. एफटीपीची आणखी एक खोड म्हणजे आज्ञांची जोडणी वेगळी आणि फाइलींची वेगळी. मूळ पद्धतीत सर्व्हर स्वतःच्या २० या पोर्टवरून ग्राहकाकडे उलट जोडणी करू पाहतो आणि राउटरमागे बसलेल्या ग्राहकापर्यंत ती पोहोचतच नाही. लॉगिन होते, पण फाइलींची यादी येत नाही, हे लक्षण दिसले की पॅसिव्ह पद्धत निवडावी, म्हणजे दुसरी जोडणीही ग्राहकच करतो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीला निरोप दिला.

२१, २३, २५ असे विषम आकडेच का, याचे उत्तर टीसीपीच्या आधीच्या एनसीपी या प्रोटोकॉलमध्ये आहे. त्यात एक जोडणी एकाच दिशेने चाले, त्यामुळे ये-जा करायला क्रमांकांची जोडी लागे. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट टीसीपीवर गेले आणि एक क्रमांक पुरू लागला, पण जुने विषम आकडे तसेच राहिले आणि मधले सम आकडे बरेचसे रिकामे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या तातू युलोनेन यांनी, त्यांच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर, टेलनेट आणि एफटीपी या दोन्हींची जागा घेऊ शकेल असा एसएसएच हा सांकेतिक प्रोटोकॉल लिहिला. या दोघांच्या मधला २२ रिकामा दिसला म्हणून त्यांनी तोच आयानाकडे मेलने मागितला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना तो मिळाला.

बरेच जण एसएसएच २२ वरून हलवून २२२२ वर नेतात आणि सुरक्षित झालो असे समजतात. सर्व ६५,५३५ दारे ठोठावून पाहणे हे आज काही मिनिटांचे काम आहे, आणि दार उघडले की एसएसएच स्वतःहून पहिल्या ओळीत आपले नाव सांगतो. आकडा बदलल्याने लॉगमधला, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमधला, गोंगाट कमी होतो हे खरे, पण संरक्षण मिळते ते पासवर्डऐवजी सांकेतिक किल्ल्यांची जोडी वापरल्याने. २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रामने असंख्य कॅमेरे आणि राउटर काबीज केले तेही टेलनेटच्या २३ आणि २३२३ या दारांवर कारखान्यातले ठरीव पासवर्ड घालून पाहत.

आता त्या लुकलुकणाऱ्या कर्सरविषयी. जोडणी न होण्याचे दोन प्रकार असतात आणि ते वेगवेगळे वाचता आले तर अर्धा शोध तिथेच संपतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे लगेच उत्तर आले, तर बहुधा पाकीट यंत्रापर्यंत पोहोचले, पण त्या पोर्टवर कोणीच बसलेले नाही. तेव्हा सेवा सुरू आहे का हे पाहावे. बराच वेळ काहीच न होता 'टाइम्ड आउट' आले, तर पाकीट वाटेत कोणीतरी गिळले, आणि तो बहुतेक वेळा फायरवॉल असतो. सांगलीत २५ वर दिसला तो दुसरा प्रकार, म्हणून मी मेल सर्व्हरच्या सेटिंगला हातही लावला नाही.

पहिला प्रकार त्याच कार्यालयात नंतर भेटला. हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा एका संगणकावरच्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होता, पोर्ट ३३०६. त्या संगणकावर सगळे सुरळीत, शेजारच्या टेबलावरून मात्र तत्काळ 'रिफ्यूज्ड'. सेवा तर चालू होती. नेटस्टॅट ही आज्ञा चालवून कोणता प्रोग्राम कुठे कान देऊन बसला आहे त्याची यादी पाहिली, तेव्हा ३३०६ च्या ओळीत '१२७.०.०.१:३३०६' असे दिसले. १२७.०.०.१ हा यंत्राचा स्वतःपुरता पत्ता. तिथे बसलेला प्रोग्राम बाहेरच्या कोणाचे ऐकतच नाही. सेटिंगमध्ये त्या जागी संगणकाचा कार्यालयातला पत्ता घातला, सेवा पुन्हा सुरू केली आणि फायरवॉलमध्ये ३३०६ फक्त हिशेबाचे काम चालणाऱ्या तीन टेबलांवरच्या संगणकांपुरता मोकळा केला.